नाकाटो पिंप्राळ्याला राहिली

धुळे
७ ऑगस्ट १९५८

प्रिय कुंदास,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब आहे, तेव्हा घरातली कामं आटपून निवांत वाच. मुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांचा एक संघ आहे. त्यांनी आणि युगांडातल्या कंपाला शहराच्या एका कलामंडळानं मिळून असं ठरवलं आहे की त्यांच्याकडच्या कला इकडच्या लोकांना दाखवायच्या. नुसत्या मुंबई-पुण्याला नाही, लहान गावांतही. मात्र तिथल्या संस्थांनी जबाबदारी घ्यायला हवी. मी वर्तमानपत्रात वाचलं आणि त्याच दिवशी इंग्रजीत पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस येतो म्हणतात.

त्यांच्यातर्फे नाकाटो नावाची मुलगी येईल. कंपालाच्या कलाशाळेत शिकली, आता मुंबईला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते. बरोबर ढोल, टोपल्या, चटया आणि झाडाची साल कुटून केलेलं कापड घेऊन येणार. ती इंग्रजीत समजावून सांगेल, मी मराठीत सांगेन.

अट एकच. एका गावासाठी एवढं सामान हलवणं त्यांना जमत नाही, दोन संस्था मिळून बोलावत असतील तरच येतील. म्हणून तुमचं महिला मंडळ हवं. मुंबईची गाडी थेट तुमच्याकडे येते, तर एक दिवस जळगाव आणि मग धुळ्याला तीन दिवस, असं माझ्या मनात आहे. इथे आमच्या भगिनी समाजाला शाळेचं सभागृह मिळतं, शिवाय गावही या गोष्टींना सरावलेलं आहे.

तुला फारसं काही करावं लागणार नाही. पत्रव्यवहार मी बघते. तू फक्त बायका जमव.

तुझी,
वच्छला


पिंप्राळा, जळगाव
१९ ऑगस्ट १९५८

प्रिय वच्छी,

तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं. बेबाबाईनं विचारलं, आफ्रिका म्हणजे सुरतेच्या पलीकडे का. मी पाटीवर नकाशा काढून दाखवला. अमळनेरच्या शाळेत तू पहिली यायचीस आणि मी तुझ्या शेजारी बसायची, तेवढ्यात एवढा नकाशा मलाही आला.

आम्ही तयार आहोत. पण एक सांगते. पत्रिकेवर दोन्ही मंडळांची नावं एका ओळीत छाप. भरतकामाच्या प्रदर्शनात तुमचं नाव वर ठसठशीत होतं आणि आमचं खाली, मुद्रकाच्या नावाशेजारी. मी तेव्हा बोलले नाही. बाया बोलल्या.

पाहुणीला आमच्या घरीच उतरू दे. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "पोर मायबाप सोडी इतली लांब ऊनी, तिले धर्मशाळामा कशाले उतारवं?" ती काय खाते तेवढं कळव. ह्यांनी विचारलं, पाहुणी किती दिवस. मी म्हटलं, एक. वच्छीनं तेवढाच दिला आहे.

तुझी,
कुंदा


धुळे
२ डिसेंबर १९५८

प्रिय कुंदा,

प्रदर्शन चांगलं झालं असं वर्तमानपत्रात छापून आलं आहे. प्रत्यक्षात कसं झालं ते मी सांगते.

मंगळवारी दुपारी नाकाटो येणार म्हणून मी मोटारस्टँडवर उभी होते. आमच्या अध्यक्षीणबाई स्वतःची गाडी घेऊन आल्या होत्या, मुलींच्या हातात हार होते. पारोळ्याकडून मोटारी येत होत्या, रिकाम्या होत होत्या. दिवेलागणीला मी मुलींना घरी पाठवलं. बुधवारी पुन्हा तेच. सभागृह माणसांनी भरलेलं, आणि टेबलावर मांडायला काही नाही. मी आफ्रिकेतल्या नद्या आणि सरोवरं यांवर बोलत राहिले. मागच्या रांगेतली माणसं उठून गेली. त्यानंतर तुमची तार आली, 'पाहुणी गुरुवारी'. कारण नाही, दिलगिरी नाही.

तीन दिवसांतला शेवटचा तेवढा हाती आला. तो तरी माझा होता का, ते मला अजून कळत नाही. ढोल दाखवताना ती म्हणाली, यावर कुंदानं ठेका धरला. चटई दाखवताना म्हणाली, कुंदाच्या सासूला ही गाठ लगेच जमली. ते सगळं मी मराठीत सांगितलं, कारण ते माझं काम होतं. लोक मला विचारायला लागले, ही कुंदा कोण.

जेवण झाल्यावर मी तिला माझी पांझरेकाठची चित्रं दाखवली. तिनं एकेक पाहिलं आणि म्हणाली, नीट आहेत. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, कुंदा. मुलींच्या वहीवर दुसरं काही लिहिण्यासारखं नसलं की मीही 'नीट' असं लिहिते.

गाडी चुकली, की कोणी आजारी पडलं, एवढं तरी कळव.

वच्छला


पिंप्राळा
११ डिसेंबर १९५८

प्रिय वच्छी,

गाडी चुकली नाही आणि कोणी आजारी पडलं नाही. मी तिला ठेवून घेतलं.

मंगळवारी सकाळी तिचं सामान बांधून झालं होतं. मोटारीला वेळ होता, म्हणून मी तिला केळीची बाग दाखवायला नेलं. घड उतरवून झालेल्या खोडांचा बांधावर ढीग पडला होता. आम्ही ती खोडं कुजायला टाकून देतो, तुला माहीत आहे. ती तिथे थबकली आणि इस्त्रीच्या झग्यासकट मातीत बसली. खोडावरची वाळकी सोपटं सोलून काढली, नखानं त्यांच्या पट्ट्या केल्या, मांडीवर वळल्या. मग इकडेतिकडे बघून काहीतरी मागायला लागली. लोटन आमच्या शेतावर असतो, त्याला आधी कळलं. त्यानं नाल्यावरून शिंदीचा पाला आणून दिला. सासूबाईंनी गोणपाट शिवायचं दाभण दिलं. त्या पट्ट्यांची वेटोळी आणि त्यांना पाल्याचे वेढे, अशी टोपली बुडापासून वर यायला लागली.

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही हाई बठ्ठं फेकी देतस व माय."

ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"व्हय, व्हय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना काय कळलं, मला माहीत नाही. पण त्या तिच्या शेजारी बसल्या त्या उठल्याच नाहीत.

हे बांधावर येऊन म्हणाले, "धुळ्याची मोटार निघून जाईल." मी म्हटलं, "जाऊ द्या." तू तिकडे उभी असशील हे मला दिसत होतं. दिसत असून म्हटलं. तारही मीच दुसऱ्या दिवसावर ढकलली.

दुपारी तिनं काडीनं मातीत दोन मुली काढल्या, हातात हात घेतलेल्या. मोठीवर काडी ठेवून म्हणाली, बाबिर्ये. धाकटीवर ठेवून म्हणाली, नाकाटो. ती जुळ्यातली मागून आलेली. त्यांच्याकडे मागून आलेल्या मुलीचं नावच ते असतं, हे तिच्या खुणांवरून कळलं. मग तिनं काडी माझ्या हातात दिली. मीही दोन मुली काढल्या आणि मागच्या मुलीवर बोट ठेवलं. तिनं पुढचीचं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं.

लहानपणापासून मला जो जो माणूस आवडला तो आधी तुझा झाला, वच्छी. शाळेतल्या बाई तुझ्या. बोरी नदीत पोहायला शिकवायची ती रुख्माबाईसुद्धा तुझा हात धरून पुढे जायची आणि मी काठावर कपडे सांभाळायची. मला वाटलं, एक माणूस एकदा माझ्याकडे राहावं. तुझ्याकडे जायच्या आधी, आणि मला सोडून जायची घाई नसताना.

तुला लोकांसमोर उभं राहावं लागलं त्याचं मला वाईट वाटतं. ती राहिली त्याचं नाही.

मी केलेली एक टोपली पाठवते आहे. नीट नाही. तिरपी झाली आहे.

तुझी,
कुंदा


धुळे
२० मार्च १९५९

प्रिय कुंदा,

तू मागाहून पाठवलेल्या तुमच्या मंडळाच्या टोपल्या मी माझ्या इंग्रजी टिपणासह मुंबईच्या संघाकडे पाठवल्या होत्या. त्यांनी त्या आपल्या फेब्रुवारीच्या प्रदर्शनात कंपालाच्या टोपल्यांशेजारी मांडल्या आणि लोकांना आवडल्या. त्यावरून कंपालाच्या मंडळाचं निमंत्रण आलं आहे. खानदेशातल्या एका बाईनं सप्टेंबरात तिकडे जावं, तिथलं काम शिकावं, आणि पुढच्या वर्षी त्यांचं मोठं प्रदर्शन इकडे येईल त्याची आपल्या दोन्ही मंडळांबरोबर तयारी करावी. जाण्यायेण्याची सोय तिथल्या गुजराती व्यापाऱ्यांनी केली आहे.

निमंत्रणात तुझं नाव आहे, नाकाटोनं सुचवलेलं. लपवून ठेवत नाही.

मी संघाला कळवलं की कुंदाबाईंना येणं शक्य होणार नाही. घर आहे, वृद्ध सासू आहे, इंग्रजी येत नाही, आणि बोटीनं परदेशी जाण्याची त्यांच्याकडे रीत नाही. तुला विचारलं असतं तर तू भिडेनं हो म्हणाली असतीस आणि घरात वाद झाला असता. तो मी टाळला. मग त्यांनी माझ्याबद्दल विचारलं. मी होकार दिला आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी रजा मंजूर केली. परवा शाळेत माझा सत्कार झाला, हार घातला. मुलींनी आफ्रिकेवर गाणं रचून म्हटलं. त्यात सिंह फार होते.

शिकून आले की तुमच्या बायकांनाही दाखवीन. तुझी टोपली मिळाली. टेबलावर ठेवली आहे.

वच्छला


पिंप्राळा
२८ मे १९५९

प्रिय वच्छी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय होतंय ते माझं मलाच कळत नव्हतं.

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. हे हसून म्हणाले, "बरं केलं वच्छलाताईंनी. तू कुठे समुद्रापार जाणार." सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तिनी तुले इचारं का पहिले?"

मी म्हटलं, नाही.

"मंग तुनं 'नाही' कोन्ही सांगं तिले?"

हे म्हणाले, "आई, ही तिकडे एकटी काय करणार?"

"काय करणार? टोपला करी. मना पाय धड ऱ्हातात ते मीच जाती."

त्यानंतर घरात बरेच दिवस हाच वाद चालला. ह्यांचं म्हणणं, लोक काय म्हणतील. सासूबाईंचं म्हणणं, लोकांच्या घरी आपण भाकर मागायला जात नाही. शेवटी केळी पाठवायच्या रेल्वे वॅगनच्या कामासाठी ह्यांना मुंबईला जायचं होतं, तेव्हा मला म्हणाले, "चल. तूच काय ते बोलून घे. मी मध्ये पडत नाही."

नाकाटोच्या वसतिगृहात गेलो. मला बघून ती जिन्यावरून धावत खाली आली. संघाचा चिटणीस केनियाचा मुलगा आहे, मोडकंतोडकं हिंदी बोलतो. त्यानं तुझं पत्र काढून दाखवलं. मला इंग्रजी येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं, आणि नावापुढचं 'नॉट'ही. तो म्हणाला, "आप की सहेली आ रही हैं. आप को बुरा लगा?"

मी म्हटलं, "वो लिखती है. बनाती मैं हूँ. नाम मेरा था, तो मैं आऊँगी."

त्यानं नाकाटोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. दोघींची सोय नाही, एकीचीच आहे. तेव्हा वच्छी, तुझं जाणं रद्द झालं. त्यांचं पत्र तुला येईलच, पण त्या आधी तुला माझ्याकडून कळावं.

तुझा सत्कार झाला, हार घातला, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले आणि बोलल्यावर मला आनंद झाला. तिथून स्टेशनवर येईपर्यंत आनंदच होता. परतताना चाळीसगावला आमच्या गाडीच्या शेजारी धुळ्याची गाडी उभी होती. खिडकीतून मला तिचे डबे दिसत होते. तेव्हा जरा बरं वाटेना.

मी जाणार आहे.

कुंदा


धुळे
५ जून १९५९

सौ. कुंदाबाई,

पत्र पोहोचलं. संघाचंही पोहोचलं. अभिनंदन.

शाळेत कळवलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी. मुली काहीच म्हणाल्या नाहीत, ते जास्त लागलं.

लिहिते मी आणि बनवता तुम्ही, हे खरं आहे. बनवणारीला लिहिणारीची गरज नसावी. यापुढचा पत्रव्यवहार तुमच्या मंडळानं परस्पर करावा.

वच्छला


कंपाला
११ ऑक्टोबर १९५९

प्रिय वच्छी,

तू उत्तर देणार नाहीस असं धरून लिहिते आहे.

बोटीवर आधी पोटात काही ठरेना. एक गुजराती कुटुंब बरोबर होतं, त्यांनी सांभाळलं. मोंबासाहून आगगाडी. इथे उतरले तर जिकडे बघावं तिकडे केळी, आपल्यापेक्षा दाट, घरांच्या दारापर्यंत. मला हसू आलं. एवढा समुद्र ओलांडून मी केळीच्या बागेतच आले. पण ही केळी हिरवी असतानाच सोलून, पानात बांधून वाफवतात आणि भाकरीसारखी जेवणात घेतात. सासूबाईंना सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

बाबिर्येकडे राहते, नाकाटोच्या थोरल्या जुळ्या बहिणीकडे. ती मला सालीचं कापड करायला शिकवते. आपल्या उंबराच्या जातीचं झाड असतं. साल सोलून, ओली असताना लाकडी मोगरीनं कुटत राहायचं. हातभर साल चादरीएवढी होते, रंग विटेसारखा. खांदे भरून येतात. बाबिर्ये मधूनच खुणांनी नाकाटोबद्दल विचारते, ती तिकडे कोणाशी बोलते, तिची मैत्रीण कोण. मी माझ्याकडे बोट दाखवलं, तर तिचं तोंड उतरलं. नंतर दिवसभर माझी मोगरी तिनं दुसऱ्या बाईला दिली. मला राग आला नाही. मला ते तोंड ओळखीचं वाटलं.

आता तुला सांगायचंच आहे ते सांगते. इथल्या मंडळाच्या बाईंनी पहिल्या दिवशी माझे दोन्ही हात धरले आणि एक छापील पुस्तिका पुढे केली. मुंबईच्या प्रदर्शनाची. तिच्यात तुझं टिपण आहे. त्यांनी ते सगळ्या बायकांना वाचून दाखवलेलं आहे. केळीच्या बागेबद्दल, सासूबाईंच्या दाभणाबद्दल, नाल्यावरच्या शिंदीबद्दल. बोटीवरच्या त्या गुजराती कुटुंबातल्या काकू इथेच राहतात, त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला. मी तुला चिडून जे लिहिलं होतं तेच सगळं, पण ऐकताना मलाच वाटलं की ही बाग बघायला जावं. खाली नाव तुझं. माझं नाव नाही, 'जळगावची एक मैत्रीण' एवढंच आहे. बायकांना वाटलं की हे लिहिणारी वच्छला म्हणजे मीच. मी मान हलवून नाही म्हटलं, तेव्हा त्या माझ्या मागे बघायला लागल्या, ती कुठे आहे म्हणून.

इथेसुद्धा तू माझ्या आधी येऊन बसली आहेस. मी त्या रात्री जेवले नाही.

पण दिवस गेले तसं दुसरंच व्हायला लागलं. इथे मी जे बघते ते कोणाला सांगू? टोपली दाखवता येते. बाबिर्येच्या आईनं मला निजायला स्वतःची चटई दिली आणि स्वतः जमिनीवर बसून राहिली, हे दाखवता येत नाही. ते तुलाच सांगता आलं असतं आणि तूच ते लिहिलं असतंस.

डिसेंबरात परत येते आहे. त्यांचं प्रदर्शन फेब्रुवारीत येणार. आमच्या मंडळात पत्र लिहिणारं कोणी नाही.

कुंदा


पिंप्राळा
८ नोव्हेंबर १९५९

प्रिय कुंदा,

वरचं गाव वाचून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत. मी तुझ्या घरी बसून लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा शाळेला दिवाळीची सुटी होती. दोन दिवस ते तसंच ठेवलं. मग पिशवी घेतली आणि मोटारीत बसले. कशाला आलात असं तुझ्या पितांबररावांनी विचारलं असतं तर फेब्रुवारीच्या प्रदर्शनासाठी टोपल्या हव्यात असं सांगणार होते. त्यांनी विचारलं नाही, चहा सांगितला. सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "मला शिकायचं आहे."

"तू ते मास्तरीन," त्या म्हणाल्या. "तुले कोन शिकाडी?"

"तुम्ही."

त्यांनी मला बांधावर नेऊन सोपटं सोलायला बसवलं. चार टोपल्या उसवायला लावल्या. माझ्या बोटांना दाभण लागून लागून भोकं पडली आहेत, अक्षर म्हणून असं येतंय. पाचवीला त्या म्हणाल्या, "हाई चालीन." ती तुझ्या टोपलीसारखीच तिरपी आहे. नीट म्हणाल्या नाहीत, मला बरं वाटलं.

काल पाला भिजत घालताना त्यांनी मधूनच विचारलं, "तू कोना हेवा करस व? त्या पोरना का मनी सूनना?"

मी हात पाण्यातच ठेवले. वर्षभर मला वाटत होतं की मला तुझा हेवा वाटतो, नाकाटो तुझ्याकडे राहिली म्हणून. मग वाटलं, तू कंपालाला गेलीस म्हणून. माझ्या मनातून दोन्ही गेलेलं नाही. पण त्या बांधावर तुझ्या जागी बसल्यावर मला दुसरं दिसलं. मंगळवारी मी मोटारस्टँडवर उभी होते तेव्हा माझा राग पाहुणीची वाट बघण्याचा नव्हता. एवढी वर्षं तुझ्याकडे जे कोणी आलं ते माझ्यामार्फत आलं. त्या दिवशी कोणीतरी परस्पर तुझ्यापाशी येऊन बसलं, आणि तू मला विसरलीस.

मी म्हटलं, "तुमच्या सुनेचा नाही. ती ज्यांच्याजवळ बसते त्यांचा."

त्यांनी पाला पिळला. "मंग मना बी कर. मी तिले रोज देखस."

मी म्हटलं, "करतेच आहे."

त्या हसल्या नाहीत. दुसरी जुडी माझ्यापुढे सारली.

तुझ्या वतीनं मी नाही लिहून टाकलं होतं, ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मला जायचं होतं. आणि तू निघालीस त्या दिवशी मी मुंबईला आले नाही. शाळा आहे असं सगळ्यांना सांगितलं. रविवार होता.

आता कामाचं. संघाला मी पत्र टाकलं आहे. प्रदर्शन आधी पिंप्राळ्याला लागेल, मग धुळ्याला. दिवस दोन्हीकडे सारखे. तू तिकडे बघते आहेस ते सगळं मला सांग, सालीचं, मोगरीचं, बाबिर्येच्या आईचं. मी लिहीन. खाली दोघींची नावं एका ओळीत घालीन. माझं आधी येईल, कारण लिहिणार मी आहे. तुला ते चालणार नसेल तर भांडायला लवकर ये.

बोट मुंबईला कधी लागते ते कळव. पितांबरराव धक्क्यावर येणारच आहेत. नाकाटोनंही येते म्हणून कळवलं आहे. येऊ देत. पुढे मी उभी राहणार आहे.

तुझी,
वच्छी